ओव्हाळ सर आणि उजवा ब्रेकलाइट

स्वतःच्या गाडीचा ब्रेकलाइट स्वतःला दिसत नाही. पाय पुढे, दिवा मागे. नव्या गाड्यांना म्हणे हेही कळतं, समोर खूण उमटते. जुन्या गाडीला माणूसच लागतो. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्याने मागे उभं राहून सांगायचं, लागला की नाही.

ओव्हाळ सरांची आणि माझी ओळख एवढ्याच कामावरून झाली. तळेगावात आमची सोसायटी एक, बिल्डिंग समोरासमोर. तरी सात वर्षांत चार वाक्यं बोललो नव्हतो. त्या रविवारी मी खांद्याला पत्रकांची पिशवी लावून निघाले होते. नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्याने कंत्राटी पोरांना एका फोनवर घरी बसवलं होतं आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. पार्किंगमधून आवाज आला.

"ओ पुढारीणबाई, एक मिनिट मागं उभं राहता का?"

मला वाटलं, टोमणा आहे. टोमण्याला मी तयारच असते. म्हटलं, "कुणाच्या मागे?"

"गाडीच्या हो. माणसाच्या मागं तुम्ही थोड्याच उभ्या राहणार!"

मी उभी राहिले. आतून प्रश्न आला, "लागले का?"

"हो."

"मोठ्यानं सांगा, काच वर आहे."

"लागले!" मी घोषणेच्या आवाजात ओरडले. वरच्या मजल्यांवर दोन खिडक्या उघडल्या. मला वाटलं, आता कुणीतरी भांडायला येणार. कुणी आलं नाही. खिडक्या तशाच थोडा वेळ उघड्या राहिल्या.

संध्याकाळी आईने सांगितलं, "अगं, मालनताई ओरडायच्या तसं. रविवारी आठ वाजता. घड्याळ लावावं त्यावर. चार वर्षांनी ऐकलं आज."

मालनताई म्हणजे सरांच्या बायको. नात झाली म्हणून तीन महिन्यांसाठी मुलाकडे बेंगळुरूला गेल्या. तीन महिन्यांचे सहा झाले. मग नात पाळणाघरात रडते म्हणून राहिल्या, मग सुनेची बदली झाली म्हणून, मग नातीची शाळा. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस यायच्या. मी सरळ सांगते, मला या प्रकाराची चीड आहे. आयुष्यभर एका घरात राहिलेली दोन माणसं म्हातारपणी दोन गावांत ठेवायची आणि वर त्याला 'आईचा आधार आहे आम्हाला' म्हणायचं. पण हे मी सरांसमोर बोलायला अजून वेळ होता.

या मालनकाकू बेंगळुरूला गेल्यावर सर सोसायटीच्या जिमच्या काचेच्या दाराला गाडीची पाठ लावायचे आणि आरशात वळून बघायचे, लाल उजेड काचेत दिसतो का. मग कमिटीने त्या काचांना दुधाळ कागद चिकटवला. म्हणून मी.

सर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायचे. मूळ गाव तिकोणा पेठेच्या अंगाचं, पवनेच्या काठचं. उंचीने लहान, घरातही शर्ट खोचलेला, आणि लोक पेन लावतात तसा खिशाला टेस्टर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी टेस्टर सुटला नव्हता. गाडी एकेकाळी पांढरी असावी. आता तिचा रंग शिळ्या सायीसारखा झाला होता. रविवारी ते ती कामशेतपर्यंत न्यायचे, तिथे एकटेच चहा प्यायचे आणि परत आणायचे. "फिरवली नाही तर बॅटरी उतरते," म्हणायचे. कुणाची बॅटरी, असं मी कधी विचारलं नाही. मला तेवढी अक्कल होती.

माणसांबद्दल त्यांचा एकच ठरलेला शेरा होता. "माणूस चांगला आहे, अर्थिंग नाही." सोसायटीच्या सेक्रेटरीला अर्थिंग नव्हतं, टीव्हीवर ओरडणाऱ्या सगळ्यांना नव्हतं. मला म्हणाले, "तुमच्यात करंट भरपूर. पण अर्थिंग नाही. हात लावेल त्याला झटका."

गाडीचं काही खोललं की स्क्रू इडलीच्या साच्यात ठेवायचे. पहिला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात. साचा काकूंचा. "ती असताना हात लावायची हिंमत नव्हती. आता आमच्याच राज्यात आहे सगळं." हसून सांगायचे आणि मग साच्याकडे बघत बसायचे.

आणि हत्यार. पाना असो की पेचकस, ते तुमच्या तळहातावर ठेवायचे, स्वतःच्या हाताने. तुम्ही मागितलेलं हत्यार ओट्यावर, बॉनेटवर, जमिनीवर ठेवलं असं कधी होणार नाही. मी एकदा पेचकस सहज फरशीवर ठेवून "घ्या" म्हटलं. त्यांनी घेतला नाही. मी उचलून हातात देईपर्यंत थांबले. मग त्यांनीच सांगितलं.

ऐन पंचविशीत एका वर्कशॉपात होते. तिथला स्टोअरकीपर बाकीच्यांना पाना हातात द्यायचा आणि ओव्हाळ आडनावाच्या माणसासाठी उंबऱ्यावर ठेवायचा. "दोन वर्षं रोज वाकलो पान्यासाठी. आयटीआयला लागलो त्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ लिहिली, हत्यार हातातून हातात. पोरांना वाटायचं सेफ्टीचा नियम आहे. वाटू दिलं."

मी पेन काढलं. म्हटलं, "सर, त्याचं नाव सांगा. मी छापते."

"वारला तो."

"मग वर्कशॉपचं नाव."

"पुढारीणबाई, मी ते पचवलंय. तुमच्या कागदासाठी मला ओकायला लावू नका." मग म्हणाले, "छापायचंच असेल तर माझ्या माघारी छापा."

मी ऐकलं, कारण त्याच्या आधी एकदा तोंडावर आपटले होते. कमिटीने नोटीस लावली होती की जुन्या, 'सोसायटीच्या दर्जाला न शोभणाऱ्या' गाड्या हलवाव्यात. सेक्रेटरी मला जिन्यात म्हणाले होते, "मॅडम, ते भंगार आहे हो. फ्लॅट बघायला लोक येतात, पहिली तीच दिसते." मी सरांना न विचारता पत्रक काढलं आणि सगळ्या दारांच्या फटीतून आत सारलं. मथळा होता, 'एका एकाकी ज्येष्ठ नागरिकाच्या शेवटच्या आधारावर घाला!' मला तो फार जमला असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दाराच्या फटीतून ते परत आलं. लाल पेनने तपासलेलं, वर्गातल्या वहीसारखं. 'एकाकी' वर काट. 'शेवटच्या आधारावर' वर काट, त्याजागी 'गाडीवर'. 'बिचारे' हा शब्द तीनदा आला होता, तिन्ही ठिकाणी गोल आणि समासात 'कोण?' उरलं ते एवढंच: 'एका ज्येष्ठ नागरिकाच्या गाडीवर घाला.' आणि खाली, 'गाडीचे कागद चालू आहेत हे लिहायचे राहिले. मुख्य मुद्दा तोच.'

मुद्दा खरंच तोच होता. नोटीस बारगळली. पण कागद कायमचे चालू राहत नाहीत. गाडीचं पासिंग संपत आलं. पुन्हा तपासणी, पास झाली तर पाच वर्षं. तारीख मिळाली गुरुवारची, आणि शुक्रवारी काकू येणार होत्या. या वेळी आठ दिवसांसाठी नाही. नात पहिलीत जाणार, शाळेची बस दारात येणार. काकू फोनवर म्हणाल्या होत्या, "आता कायमची येते. ते साचं-बिचं जागेवर ठिवा."

बेंगळुरूची गाडी तळेगावात थांबत नाही. तिकडून येणाऱ्याने पुण्याची गर्दी नको म्हणून आमच्या स्टेशनवरून सरळ पुढे जायचं, लोणावळ्याला उतरायचं आणि तिथून मागे यायचं. काकूंचे गुडघे गेलेले, लोकलच्या पुलाचा जिना त्यांना चढवत नाही. म्हणून सर दर वेळी गाडी घेऊन लोणावळ्याला जायचे आणि जुन्या हायवेने त्यांना घरी आणायचे. पासिंग नसलेली गाडी ते रस्त्यावर काढणार नव्हते. मी म्हटलं, "एक दिवस कोण बघतंय?" म्हणाले, "तीस वर्षं पोरांना काय शिकवलं मग मी?" म्हणजे सगळं गुरुवारवर आलं होतं.

रविवारी मी मागे उभी राहिले. डावा लागला. उजवा लागला नाही.

सरांनी लाल काच काढली, स्क्रू साच्यात ठेवले. आतला बल्ब काळा पडलेला. याला स्क्रूसारखे आटे नसतात. दोन्ही बाजूंना दोन बारीक कान असतात. आत दाबायचं, थोडं डावीकडे फिरवायचं, की सुटतो. हा सुटेना. लोणावळ्याचं धुकं आणि पावसाचं पाणी वर्षानुवर्षं आत मुरलेलं. बल्बचं पितळ आणि होल्डरचं लोखंड एकजीव झालं होतं.

"मी बघू?" मी हात पुढे केला.

"थांबा. जोर हा अडाण्याचा पाना." त्यांनी सलाइनच्या सुईने बुडाशी रॉकेलचे चार थेंब सोडले. रेशनवर रॉकेल मिळायचं बंद होऊन किती काळ लोटला, त्यांच्याकडे मात्र औषधाच्या बाटलीत जपून ठेवलेलं होतं. "गंज बसायला इतकी वर्षं लागली. उठायला तीन दिवस तरी द्या. बुधवारी काढू."

रोज सकाळ-संध्याकाळ चार थेंब. मला ते बघवेना. माझं सगळं शिक्षण रेट्याचं. दार उघडत नाही तर ढकला, साहेब भेटत नाही तर बसकण मारा. मंगळवारी संध्याकाळी मी पार्किंगमधून जात होते. मागची काच काढलेलीच होती. सर दिसत नव्हते. मला वाटलं, काढून ठेवते, म्हातारा माणूस खूश होईल. घरून बाबांची पक्कड आणली, फडक्यात बल्ब धरला आणि फिरवला.

कट्कन आवाज आला. काच माझ्या हातात आणि पितळेची टोपी आतच.

वर जाऊन सांगितलं. सर खुर्चीत बसले होते, दिवा न लावता. आधी विचारलं, "हाताला लागलं का?"

"नाही."

"कशानं फिरवलात?"

"बाबांच्या पक्कडीने."

"हं." एवढंच. मला वाटलं होतं रागावतील, निदान अर्थिंगचं काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "उद्या चारला या. लांब बाहीचा शर्ट घाला." आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या खाली काकूंनी नातीला मांडीवर घेतलेला फोटो. मी अपराध्यासारखी खाली आले. मला खात्री होती, ते माझ्यामुळे गप्प आहेत.

बुधवारी त्यांनी आधी बॅटरीची वायर सोडवली. मग चिमट्याने काचेचे उरलेले तुकडे एकेक टिपले, वर्तमानपत्रावर ठेवले. नोज प्लायर, म्हणजे पक्ष्याच्या चोचीसारखी लांब तोंडाची पक्कड, हातात घेतली. चोच होल्डरच्या तोंडाशी जायची आणि बाजूला लागायची. दोनदा झालं. तिसऱ्यांदा त्यांनी पक्कड माझ्या तळहातावर ठेवली.

"तुम्ही काढा."

"मी? मीच तर मोडला."

"म्हणूनच. बाहेरून धरायचं नाही. चोच टोपीच्या आत घाला. आता उघडा. आतून ताणून धरते ती. धरली?"

"धरली."

"दाबा. दाबून ठेवा. आता डावीकडं, केसभर. परत उजवीकडं. अहो, भांडू नका तिच्याशी! केसभर म्हटलं मी."

"हलत नाहीये, सर."

"हलतीय. तुम्हाला कळत न्हाई." गावाकडचा सूर त्यांच्या बोलण्यात फक्त अशा वेळी यायचा. "डावीकडं. उजवीकडं. मोर्चा न्हाई हा, पोचायची घाई करायची न्हाई."

किती वेळ गेला माहीत नाही. बोटं आखडली. मग आत काहीतरी खसकन सरकलं आणि टोपी पक्कडीसकट बाहेर आली. नखाएवढी, हिरवी-तपकिरी, एक कान झिजून गेलेला. एवढ्याशा वस्तूने आम्हाला चार दिवस नाचवलं होतं.

होल्डर शाबूत होता. सरांनी काडीला पॉलिश पेपर गुंडाळून तो आतून घासला, कडेला बोटभर व्हॅसलीन लावलं. नवा बल्ब मी बसवला. दाबला, फिरवला, अलगद बसला. बॅटरी जोडली. ते आत जाऊन बसले. मी मागे उभी राहिले.

उजवा दिवा असा लागला की सगळी मागची भिंत लाल झाली.

"लागला!" मी ओरडले. त्यांनी विचारलंही नव्हतं.

आता पाय काढतील, दिवा विझेल, खाली उतरतील. दिवा विझेना. मी पुन्हा ओरडले, "सर, लागला! दोन्ही!" दिवे लालच. मला वाटलं, आता स्विच अडकला. मी पुढे गेले.

ते ब्रेकवर पाय ठेवून तसेच बसले होते. मांडीवर फोन. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"ती येत नाहीये," ते म्हणाले.

"कोण?"

"काल सकाळी फोन आला. सूनबाईला परत दिवस गेलेत. डॉक्टरनी झोपून राहायला सांगितलंय. तिकीट रद्द केलं."

काल सकाळी. म्हणजे मी बल्ब मोडला त्याच्याही आधी. काकू येणार नाहीत हे माहीत असून हा माणूस आज दुपारभर मला केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे शिकवत होता.

मी फुटलेच. जे इतके दिवस मनात होतं ते सगळं बोलले. म्हटलं, मुलगा काय समजतो स्वतःला, आई म्हणजे काय बिनपगारी कामगार आहे, सुट्टी नाही, कामाचे तास नाहीत, तुम्ही एकदा आवाज चढवून बोला, नाहीतर मला नंबर द्या, मी बोलते.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाय काढला. भिंत पुन्हा राखाडी झाली.

"तिला जा म्हणणारा मीच. ती तयार नव्हती. म्हटलं, तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे."

"मग तुम्ही का जात नाही तिकडे?"

"गेलतो की. बावीस दिवस राहिलो. अकरावा मजला. शेजारणीचा मिक्सर बंद पडला, मी जाऊन नीट करून दिला. संध्याकाळी पोरगा म्हणतो, बाबा, इथे असं कुणाच्या घरी जात नाहीत. बरोबरच असेल त्याचं. पण मग दिवसभर करायचं काय हे त्यानं सांगितलं न्हाई."

मी मागे जाऊन लाल काच बसवायला घेतली.

गुरुवारी गाडी पास झाली. तपासणाऱ्याने मागे न बघताच कागदावर खूण केली, तर सरांनी त्याला हाताला धरून मागे नेलं आणि ब्रेक दाबून दाखवला. म्हणाले, "बघून सही करा, साहेब." तो माणूस हसत होता. रविवारी कामशेतच्या चहावर त्यांनी मला हे सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा मी सोबत गेले होते. मग म्हणाले,

"हिला फोन केला गुरुवारी. म्हटलं, पास झाली. तर विचारते, मागं कोण उभं राहिलं? म्हटलं, पुढारीणबाई. तर गप्पच बसली. मग म्हणाली, मग बरंय."

चहा निवत होता. त्यांनी कप फिरवला. "बरं काय त्यात, सांगा."

तीन आठवड्यांनी त्यांनी फ्लॅटला कुलूप लावून काकूंकडे बेंगळुरूला जायचं ठरवलं.

गाडी आयटीआयला दिली, पोरांना खोलून शिकायला. मी भांडले. "आत्ता पास झालेली गाडी? पाच वर्षं चालली असती!"

"नापास गाडीवर पोरं काय शिकणार?" हाच त्यांचा शेवटचा युक्तिवाद. इडलीचा साचा पिशवीत सगळ्यांत वर बांधला. टेस्टर खिशालाच होता. मुलगा काय म्हणेल ते म्हणो.

मी म्हटलं, लोणावळ्यापर्यंत सोडायला येते. त्यांनी हात जोडले. "नको. सोडायला माणूस आलं की सुटताना त्याच्याकडं बघत बसावं लागतं." सकाळच्या लोकलने ते एकटेच उलट्या दिशेला लोणावळ्याला गेले, आपल्याच गावावरून पुढे जाणारी गाडी पकडायला.

मी कधी ऐकते? दुपारी तळेगावच्या फलाटावर जाऊन उभी राहिले. एक्सप्रेस आली तशी वेग न तोडता आली, धूळ, कागद, आवाज. डब्याचा नंबर मला माहीत होता. तो समोर आला तेव्हा दोन्ही बाजूंची दारं उघडी होती आणि सर पलीकडच्या दारात उभे होते, शर्ट खोचलेला, एक हात दांडीला. तिकडून आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी दिसते. माझ्याकडे पाठ होती.

"सर!" मी ओरडले. माझा आवाज मोठा आहे, सगळे म्हणतात. त्या धडधडीत तो मलाच ऐकू आला नाही.

गाडी निघून गेली. भाजीची पाटी घेऊन लोकलची वाट बघत बसलेल्या एका मावशीने विचारलं, "कोन व्हतं गं?"

"शेजारी."

"कुटं चाललं?"

"बायकोकडे," मी म्हटलं.

ती हसली. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय.